दुःखाला सोबत असते तेव्हा

धर्मग्रामातील पालक एकत्र जमले की मुलांच्या अभ्यासाइतकीच हल्ली त्यांच्या गाण्यांची चर्चा होते. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात, कुटुंब-मेळाव्यात किंवा एखाद्या घरच्या जपमाळेनंतर चहा घेताना ही तक्रार कानी पडते. मुले कानांत यंत्र घालून तासन् तास रडकी गाणी ऐकतात. ताटातूट, फसवणूक आणि एकटेपणा यांपलीकडे त्या गाण्यांत काही नसते. आमच्या वेळची गाणी कशी प्रसन्न होती, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. मुले त्यावर हसतात आणि पुन्हा कान झाकून घेतात.

ही तक्रार केवळ म्हाताऱ्यांची कुरकुर म्हणून सोडून देण्यासारखी नाही. पाश्चात्त्य देशांत अभ्यासकांनी गाणी चक्क मोजली आहेत. शेलेनबर्ग आणि फॉन शेव्ह या दोघांनी २०१२ साली अमेरिकेतील १९६५ ते २००९ या काळातील हजारावर लोकप्रिय गाण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळात ‘मायनर’ स्वरमालेतील गाण्यांचे प्रमाण दुपटीने वाढले आणि गाण्यांची लय संथ होत गेली, असे त्यांना आढळले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात १९६५ ते २०१५ या अर्धशतकातील दीड लाखांहून अधिक इंग्रजी गीतांचे शब्द तपासले गेले. त्यांत सुखाचे शब्द घटत गेलेले आणि दुःखाचे शब्द वाढत गेलेले दिसले. ब्रिटनमधील १९८५ ते २०१५ या काळातील पाच लाख गाण्यांच्या २०१८ सालच्या अभ्यासातही एकंदर कल उदासीकडेच होता. परंतु त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, ती आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. जी गाणी सर्वांत अधिक खपली, ती मात्र इतरांहून अधिक आनंदी आणि नाचण्याजोगी होती. म्हणजे एकीकडे उदासी वाढत होती आणि दुसरीकडे गर्दी आनंदाच्या गाण्यांभोवती जमत होती.

ही मोजमापे इंग्रजी गाण्यांची आहेत. ती आपल्या गाण्यांना जशीच्या तशी लावता येत नाहीत. मायनर म्हणजे ढोबळमानाने कोमल गंधाराची स्वरमाला. पाश्चात्त्य कानाला ती उदास वाटते. आपल्याकडे मात्र कोमल गंधाराच्याच काफी रागात होळीचा रंग उधळला जातो, आणि जिच्यात कोमल होऊ शकणारा एकूण एक स्वर कोमल लागतो त्या भैरवीने भरलेली मैफल समाधानाने उठते. म्हणून केवळ स्वर मोजून आपला प्रश्न सुटणार नाही. गाणे कोण गाते, कोणासमवेत गाते आणि त्याच्या मागून काय येते, हेही पाहावे लागेल. सोलापूर जिल्ह्याच्या गाण्याचा इतिहास या दृष्टीने चाळला असता आमचे असे मत झाले आहे की, गाण्यातील दुःख काही नवे नाही. त्या दुःखाची सोबत मात्र हळूहळू सुटत गेली आहे.

मंगळवेढ्याचा आक्रोश

सोलापूर जिल्ह्याच्या गाण्याची कथा सांगायची तर ती दुःखापासूनच सुरू करावी लागते. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा मंगळवेढ्याचे. जन्माच्या कारणाने त्यांना पंढरीच्या मंदिरात प्रवेश नव्हता. देवावर जीव जडलेला आणि देवाचे दार बंद, या यातनेतून त्यांचे अभंग जन्मले. आपल्याला असे हीन का केले, म्हणून ते देवाला थेट जाब विचारतात. त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा हेही अभंग रचीत. घरातील सर्वांनी एकच दुःख गावे आणि प्रत्येकाने ते आपल्या शब्दांत गावे, असे उदाहरण जगाच्या वाङ्मयातही विरळाच. १३३८ साली मंगळवेढ्यात कुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळून चोखोबांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारापाशी समाधी बांधली, अशी परंपरा आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, हा एवढा मोठा आक्रोश एकट्याने गाण्यासाठी उरला नाही. तो वारीच्या वाटेवर टाळमृदंगाच्या साथीने शेकडो कंठांनी गाइला. ज्यांच्यावर तो अन्याय झाला त्यांनी तर गाइलाच. पण ज्यांच्या पूर्वजांनी अन्याय केला त्यांच्याही तोंडी तो बसला. शतकानुशतके गायिलेल्या त्या गाऱ्हाण्याने अन्याय लगेच नाहीसा झाला नाही. परंतु त्याचा विसरही पडू दिला नाही. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले आणि दार उघडले, तेव्हा त्या जुन्या अभंगांना सहाशे वर्षांनी उत्तर मिळाले, असे म्हणता येईल.

दुसरे गाणे जात्यावरचे. पहाटेच्या अंधारात दोघी-तिघी दळायला बसत. सासुरवास, माहेरची ओढ, लेक सासरी जाताना झालेली कालवाकालव आणि मेलेल्या मुलाची आठवण हे सारे ओवीत येई. हेमा राईरकर आणि फ्रान्समध्ये जन्मून पुण्यास स्थायिक झालेले गी पॉइट्वां यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या. तो संग्रह चाळणाऱ्याला जुनी गाणी प्रसन्न होती, असे म्हणवणार नाही. बायकांचे दुःख त्यांत काठोकाठ भरले आहे. पण एकीने ओवी टाकली की समोरची ती उचलून धरी किंवा तिला आपली जोड देई. भावाचे कौतुक, लेकराचे लाड आणि विठ्ठलाची थट्टाही त्याच दळणात येत. दळण संपले की गाणे संपे आणि दिवस सुरू होई. पिठाची गिरणी आली. बायकांच्या हातांचे कष्ट वाचले, हे उत्तमच झाले. मात्र ओवीची पहाट आणि समोर बसणारी जोडीदारीण ही दोन्ही गेली.

रडणे आणि हसणे एकाच बैठकीत

पेशवाईच्या उत्तरार्धातील शाहीर राम जोशी हे सोलापूरचे. कीर्तन-पुराणाच्या घरात जन्मून ते तमाशाच्या फडात उतरले. त्यांच्या शृंगारिक लावण्यांबरोबर वैराग्याच्या आणि उपदेशाच्या लावण्याही प्रसिद्ध आहेत. १९४७ साली त्यांच्यावर ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट निघाला आणि तो घरोघरी पोहोचला. एकच माणूस शृंगारही गातो आणि देहाच्या नश्वरतेची जाणीवही देतो, याचे त्या काळच्या श्रोत्यांना नवल वाटले नसावे. तमाशाची रचनाच तशी होती. गण, गवळण, लावणी, बतावणी आणि वग असा क्रम ठरलेला. सोंगाड्या लोकांना हसवून लोळवी, आणि त्याच रात्री वगातील राजा राज्याला मुकला की तेच लोक डोळे पुसत. कीर्तनातही हेच. उत्तररंगात हरिश्चंद्राची कथा ऐकून मंडळी हुंदके देत आणि शेवटी आरतीला उभी राहत.

आमच्या शहराची सर्वांत मोठी यात्रा श्रीसिद्धेश्वराची. तीही याला अपवाद नाही. मकरसंक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांच्या साक्षीने अक्षता पडतात, तो विवाहाचा सोहळा. त्याच्या पाठोपाठ होम होतो; त्यात कुंभारकन्येचे प्रतीक अग्नीला अर्पण केले जाते. मग शोभेचे दारूकाम. विवाह, चिता आणि रोषणाई हे सगळे एकाच उत्सवात, एकाच जनसमुदायासमोर घडते. ही श्रद्धा आमची नसली तरी शेजारधर्माने आम्ही हे पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा कानी पडतात. मोहरमच्या दिवसांत करबलाच्या शोकाची गीते या सीमाभागातील गावांतून हिंदूही गातात. दुःखाचे गाणे सर्वांनी मिळून म्हणायचे, ही येथील जुनी रीत आहे.

भोंग्याच्या शहराची गाणी

१८७७ साली सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली; पुढे ती ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. मागून नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या आल्या आणि भोंग्यावर जागे होणारे हे शहर वाढले. गिरणीचे जिणे सुखाचे नव्हते. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली तेव्हा हजारो घरांच्या चुली थंडावल्या, आणि १९५० च्या जानेवारीत सरकारला खास वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घ्यावा लागला. त्याही आधी, १९३० च्या मे महिन्यात, या शहराने इंग्रजांचा लष्करी कायदा सोसला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यास फाशी झाली. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान अशा चार घरांचे सुतक सर्व शहराने पाळले.

त्या पिढीची गाणी कशी होती? सोलापूरचे कवी कुंजविहारी यांचे एक गीत स्वातंत्र्यलढ्याच्या दिवसांत गावोगाव गाइले जाई. फाशीची शिक्षा झालेला मुलगा आपल्या आईचा निरोप घेतो, असा त्याचा विषय. याहून दुःखाचा विषय कोणता असेल? पण त्या गीतातील मुलगा आईला धीर देतो आणि आपण पुन्हा जन्माला येऊ, असे वचन देऊन जातो. पुनर्जन्माची कल्पना आपल्या श्रद्धेत बसत नाही. तरी मरणाला उत्तर आहे हे त्या गाण्याने लोकांना सांगितले, आणि ते सभेत, प्रभातफेरीत सर्वांनी मिळून म्हटले.

बार्शीचे अमर शेख १९१६ साली जन्मले. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गिरणीत राबलेला हा शाहीर आई मुनेरबीच्या ओव्या ऐकत वाढला. १९४४ साली अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. अण्णाभाऊंची मैनेची छक्कड प्रसिद्ध आहे. गावी बायको ठेवून मुंबईला पोट भरायला गेलेल्या गड्याचे ते विरहगीत. आजचा गीतकार हा विषय घेता, तर गडी आपल्या खोलीत एकटाच कण्हत राहिला असता. अण्णाभाऊंनी त्या विरहाला बेळगाव, कारवार, निपाणी यांच्या वियोगाशी जोडले. एकट्याच्या दुःखाला असे दहा हजारांचे मैदान मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेखांच्या पहाडी आवाजाने जी मैदाने दणाणली, तेथे गाणाऱ्याच्या मागे झील धरायला अख्खी सभा असे.

यंत्र आले, मैदान आटले

ग्रामोफोनची तबकडी आली आणि गाणे तीन-साडेतीन मिनिटांत बसवावे लागले. रात्रभर चालणारा क्रम तिच्यात मावेना. एका तबकडीवर एक भाव, असे ठरून गेले. १९३० नंतरच्या दशकात जी. एन. जोशी यांच्या तबकड्यांमधून भावगीत हा प्रकार घरोघरी गेला. भावगीतातील ‘मी’ हा एकटा असतो. त्याचे प्रेम, त्याची हुरहूर, त्याची वेदना. मराठी गाण्यात हे एक नवे आणि नाजूक दालन उघडले, यात शंका नाही. तरीही सोबत लगेच सुटली नाही. गजाननराव वाटवे गणेशोत्सवात गायला बसले की रस्ता माणसांनी भरून जाई. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून माडगूळकर-फडके यांच्या ‘गीतरामायणा’ची ५६ गीते वर्षभर प्रसारित झाली, तेव्हा ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या दारात शेजार जमे. सीतेच्या त्यागाने एका घरातील नव्हे, अख्ख्या आळीतील डोळे ओले होत.

बोलपटांतील करुण गाण्यांना जे भरजरी वाद्यसंगीत लाभले, त्यात आपल्या समाजाचाही वाटा आहे. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ आणि असे कितीतरी गोवेकर कलावंत मुंबईच्या वाद्यवृंदांत होते. चर्चच्या शाळांत शिकलेली स्वरलिपी आणि व्हायोलिन त्यांनी हिंदी गाण्याला दिली. त्यांच्या मायभूमीतील मांडो हा गीतप्रकार मूळचा उदासच. एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या घरांतून तो फुलला. विरह आणि अतृप्त प्रेम हे त्याचे विषय, स्वरमाला बहुधा मायनर. पण मांडो एकटा येत नाही. तो संपता संपता लय वाढते आणि दुलपोद सुरू होते. गावातील गमतीजमती, चिमटे आणि नाच त्यात येतात. लग्नघरातील मंडळी मांडोने हळवी होतात आणि दुलपोदाने पुन्हा हसू लागतात. गोव्याच्या माणसाने दुःखाला घरात जागा दिली, पण त्याला एकटे बसू दिले नाही.

पुढे १९७९ साली जपानमधून वॉकमन निघाला आणि माणसाला प्रथमच भर गर्दीत एकट्याने गाणे ऐकता येऊ लागले. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या. कॅसेटने काही उपकारही केले. मूळचे मंगळवेढ्याकडील प्रल्हाद शिंदे आणि त्यांचे चिरंजीव आनंद व मिलिंद यांचा आवाज मोठ्या कंपन्यांच्या दारावर न ताटकळता झोपडीपर्यंत गेला. परंतु मुशाफिरी करणारे गाणे आता खिशात बसू लागले. त्यानंतर भ्रमणध्वनी आला. त्याने तर प्रत्येकाच्या कानाशी त्याची त्याची स्वतंत्र मैफल लावली. ऐकणाऱ्याने एक उदास गाणे निवडले की यंत्र त्याच्यापुढे आणखी दहा तशीच गाणी ठेवते. दुःखाच्या पाठोपाठ दुलपोद आणणारा कोणी तेथे नसतो.

याच काळात सोलापूरच्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. भोंगे थांबले आणि पाळीनुसार एकत्र सुटणारी माणसे विखुरली. शिकलेली मुले पुण्याची वाट धरू लागली. तेथे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तरुणाला विरह आहे, काळजी आहे. पण अण्णाभाऊंच्या गड्यामागे जे मैदान होते, ते त्याच्यामागे नाही. यंत्र आले आणि त्याच वेळी वस्ती मोडली. या दोन्ही गोष्टींचा एकत्र परिणाम आपण आज ऐकत आहोत.

आनंद रस्त्यावर, दुःख कानात

२०१६ साली ‘सैराट’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, आणि चित्रीकरणही बरेचसे त्याच भागात झाले. अजय-अतुल यांच्या त्यातील गाण्यांवर सारा महाराष्ट्र नाचला. आमच्या विषयाशी निगडित एक गोष्ट मात्र नाचताना फारशी कोणाच्या लक्षात आली नसेल. त्या चित्रपटात चार गाणी आहेत आणि ती चारही पूर्वार्धात येतात. तरुण जोडपे घर सोडून परक्या शहरात जाते, भांडते, सावरते आणि अखेरीस मारले जाते. त्या साऱ्या उत्तरार्धात एकही गाणे नाही. शेवटी तर आवाजच नाहीसा होतो. दिग्दर्शकाने आपल्या काळाचे दुखणे ओळखले, असे आम्हांला वाटते. आनंदासाठी आपल्याजवळ हवी तेवढी गाणी आहेत. एकत्र जमून शोक करण्यासाठी मात्र गाणे उरलेले नाही.

सोलापूरच्या मिरवणुकांत हेच दिसते. ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे छाती दडपून टाकणारा ठेका वाजत असतो. त्यात एक करुण ओळ चालत नाही. तोच तरुण रात्री घरी येतो आणि अंधारात एकट्याने रडके गाणे ऐकतो. पूर्वी एका रात्रीच्या तमाशात जे दोन रस शेजारी नांदत, त्यांची अशी फारकत झाली आहे. ब्रिटनच्या अभ्यासकांना उदास गाणी वाढलेली आणि गर्दीची गाणी मात्र आनंदी, असे दुहेरी चित्र का दिसले, याचा उलगडा आम्हांला यातून होतो.

यावर कोणी म्हणेल, ‘दुःखच वाढले आहे, गाणी तर आरसा आहेत.’ या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. नोकरीची अशाश्वती, मोडती कुटुंबे आणि वाढते एकटेपण खरेच आहे. परंतु प्लेग, दुष्काळ, लष्करी कायदा आणि बालमृत्यू सोसलेल्या आपल्या पणज्यांहून आपली मुले अधिक दुःखी आहेत, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? त्यांच्याजवळ दुःख अधिक होते आणि सोबतही अधिक होती. दुसरे कोणी म्हणेल, ‘उदास गाणे ऐकून मन हलके होते, मग बिघडले कोठे?’ हेही खरे आहे. म्हणूनच मुलांच्या कानांतील यंत्र हिसकावून घ्या, असे आम्ही सांगणार नाही. एकट्याने रडण्याचीही वेळ असते. ती सोडून दुसरी वेळच उरली नाही, ही आमची चिंता आहे.

ख्रिस्तसभेचे गाणे

या बाबतीत आपल्या ख्रिस्तसभेजवळ एक जुना ठेवा आहे. ३८६ साली मिलान शहरात सम्राटमाता जस्टिना हिच्या छळामुळे बिशप अँब्रोझ आणि त्यांची प्रजा चर्चमध्ये रात्रंदिवस पहारा देत बसली होती. लोक दुःखाने आणि थकव्याने खचून जाऊ नयेत म्हणून तेथे पूर्वेकडील पद्धतीने सर्वांनी मिळून स्तोत्रे गाण्याची प्रथा सुरू झाली, असे संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात नोंदविले आहे. पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत लोकसमुदायाच्या गायनाची मुळे अशी एका संकटाच्या रात्रीत आहेत.

त्यांनी जी गाइली, त्या स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्तोत्रे विलापाची आहेत. ती बहुतेक सर्व शेवटी विश्वासाकडे वळतात. प्रभूने क्रुसावर ज्याचा उच्चार केला ते २२ वे स्तोत्र टाकून दिल्याच्या आक्रोशाने सुरू होते आणि मंडळीच्या मध्यभागी उभे राहून केलेल्या स्तुतीपर्यंत पोहोचते. ८८ वे स्तोत्र मात्र अंधारातच संपते. आणि तरीही ते धर्मग्रंथात ठेवलेले आहे. ज्या भक्ताला अजून प्रकाश दिसलेला नाही, त्यालाही मंडळीत जागा आहे, असाच याचा अर्थ. स्वतः प्रभू येशू शेवटच्या भोजनानंतर शिष्यांसह गीत गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाला, आणि तेथे त्याने मित्रांजवळ एवढेच मागितले, की माझ्यासमवेत जागे राहा.

आपल्या भाषेतही ही वाट जुनी आहे. १६१६ साली छापून निघालेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या सुमारे अकरा हजार ओव्या गोव्याच्या चर्चमधून मोठ्याने गाइल्या जात. प्रभूच्या दुःखसहनाची कथा तेथे जात्यावरच्या बाईला समजेल अशा ओवीत उतरली. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग आणि भजन ख्रिस्ती उपासनेत आणले. प्रॉटेस्टंट बंधूंच्या त्या ठेव्यातून आपणही आज आनंदाने घेतो.

पुढे दुसरी व्हॅटिकन परिषद झाली. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान प्रसृत झाले. त्याने लोकभाषेला दार उघडले आणि अंत्यविधीतून ख्रिस्ती मरणाचे पुनरुत्थानाशी असलेले नाते अधिक स्पष्ट व्हावे, असे सांगितले. १९६९ च्या नव्या अंत्यविधीनंतर ‘दिएस इरे’ हे न्यायाच्या दिवसाचे भयकारी लॅटिन गीत मृतांच्या मिस्सातून गेले. जगाची गाणी उदास होत होती, त्याच वर्षांत ख्रिस्तसभेचे मरणगीत आशेकडे वळत होते, ही इतिहासातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. हा बदल योग्यच होता. प्रेतापुढे केवळ भय गावे, अशी आपली श्रद्धा नाही.

परंतु आशेचे गाणे हे विलापाच्या पुढचे पाऊल आहे. विलापाला गप्प बसविण्याचे ते साधन नव्हे. पवित्र शुक्रवार टाळून पुनरुत्थानाच्या रविवारी पोहोचता येत नाही. आज कित्येक ठिकाणी अंत्यविधीला गाणारे कोणी नसते म्हणून भ्रमणध्वनीवर मुद्रित गीत लावले जाते. आवाज गोड असतो, चाल शुद्ध असते. पण ज्या घरात मरण झाले त्या घरच्या विधवेला शेजारणीचा बेसूर पण ओला आवाज हवा असतो. प्रायश्चित्तकाळातील क्रुसाच्या वाटेची गीते म्हणणारी पिढी वृद्ध होत चालली आहे, आणि सणाच्या गीतांसाठी जमणारा गायनवृंद पवित्र सप्ताहात निम्मा होतो. मुले खोलीत बसून रडकी गाणी ऐकतात, अशी तक्रार करण्यापूर्वी त्यांना आपण रडण्यासाठी कोणते सामूहिक गाणे दिले, हे विचारून पाहण्यासारखे आहे.

यावर उपाय मोठे नाहीत आणि त्यांना पैसेही लागत नाहीत. प्रत्येक धर्मग्रामात चार-सहा माणसांनी अंत्यविधीची गीते पाठ करावी आणि बोलावणे येण्याची वाट न पाहता त्या घरी जावे. क्रुसाच्या वाटेची, पवित्र मारियेच्या दुःखाची जुनी गीते वृद्ध स्त्रियांकडून उतरवून घ्यावी. त्यांच्या चाली ध्वनिमुद्रित करण्यासाठी तरुणांच्या हातांतील तेच यंत्र कामी येईल. तरुणांच्या मेळाव्यात केवळ टाळ्यांची गीते नकोत. एखादे विलापाचे स्तोत्रही सर्वांनी मिळून म्हणावे आणि त्यानंतर थोडे शांत बसावे. घरात आईवडिलांनी मुलाला एकदा विचारावे, ‘तू काय ऐकतोस ते आम्हांलाही ऐकव.’ ते गाणे आवडले नाही तरी चालेल. शेवटपर्यंत त्याच्याजवळ बसून ऐकावे.

चोखोबांच्या घरातील पाचही जण गात होते म्हणून त्यांचा आक्रोश आपल्यापर्यंत आला. आपल्या घरांतील आणि धर्मग्रामांतील दुःखालाही तशी झील धरणारी माणसे लाभोत, एवढीच प्रार्थना. येणाऱ्या प्रायश्चित्तकाळात क्रुसाची वाट करताना पुस्तक मिटून, शेजारच्याच्या आवाजात आवाज मिसळून एक तरी गीत म्हणावे, अशी आमची सर्व वाचक-कुटुंबांना विनंती आहे.